घरातले दुसरे अहो

साडूंच्या घरचे पडदे आपोआप बंद झाले, आणि त्या क्षणापासून निरीक्षकांच्या जिवाला चैन पडेना.

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्यातले निरीक्षक. बाजारात ते नुसते कोपऱ्यावर दिसले तरी सगळ्या दुकानांतले तराजू ताठ उभे राहत. त्यांनी भुवई उचलली की दुकानदार आपण होऊन वजनांची पेटी पुढे करत. असा माणूस घरी येऊन ‘पंखा जरा कमी करा गं’ म्हणाला की मायलेकी एकमेकींकडे बघत आणि पंखा होता तसाच फिरत राही. याची त्यांना इतक्या वर्षांत सवय झाली होती. पण साडू सोफ्यावर रेलून, पायसुद्धा न हलवता, ‘पडदे’ असं म्हणाले आणि पडदे निमूटपणे बंद झाले, तेव्हा मात्र त्यांना आतून कुठेतरी लागलं.

“बघा राव,” साडू कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरकडे बोट करून म्हणाले, “बायको ऐकत नाही, पोरं ऐकत नाहीत, पण हा ऐकतो!”

आणि ते हसले. साडूंचं फरशांचं मोठं दुकान होतं आणि त्यांचं हसणंही फरशांची चळत कोसळावी तसं होतं. सगळे हसले. निरीक्षकही हसले, पण मापात.

घरी परतताना ते बायकोला म्हणाले, “आपल्याला काय पडद्यांची गरज आहे? आपल्याकडे उजेड हवाच असतो.”

“मी कुठे काय म्हटलं?” बायको म्हणाली.

पुढच्या शनिवारी ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात उभे होते. काउंटरवरच्या मुलीनं त्यांच्यासमोर मोठ्या भोपळ्याएवढा एक काळा गोल ठेवला.

“सर, हा नवीन आलाय. तीनशे साठ अंशांचा आवाज आहे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आवाज सगळीकडे जातो, सर.”

“आवाज सगळीकडेच जातो. तुम्ही आत्ता बोललात ते मला पाठ फिरवली असती तरी ऐकू आलं असतं.”

मुलीनं सूर बदलला. “सर, साधे स्पीकर पुष्कळ जणांकडे असतात. हा प्रीमियम आहे.”

इथे निरीक्षकांचा खात्यातला सगळा अनुभव कोलमडला. घरी बायकोनं किंमत विचारली तेव्हा ते म्हणाले, “दोन वर्षांची हमी आहे.”

स्पीकर सुरू करायचं काम मुलीकडे आलं. ती कॉलेजात होती आणि फोनवर अंगठे फिरवताना तिच्या चेहऱ्यावर एखाद्या सर्जनचा भाव येई. पहिला अडथळा नावाचा आला. कंपनीनं त्याला बाईचा आवाज आणि एका मुलीचं नाव दिलं होतं. ते नाव घेतलं की तो जागा होई.

“दिवसभर माझ्या घरात परक्या बाईच्या नावानं हाका मारणार तुम्ही?” बायकोनं विचारलं.

झालं. आवाज पुरुषाचा केला. चांगला खर्जातला, घसा साफ केलेला आवाज. आता हाकेचा शब्द हवा. निरीक्षकांनी ‘ऐका’ सुचवला. पण त्या घरात प्रत्येक वाक्य ‘ऐका’नं सुरू होऊन कुणीच न ऐकण्यात संपत असे, त्यामुळे तासाभरात यंत्र भंजाळलं.

“आई दिवसात सगळ्यात जास्त काय बोलते?” मुलगी म्हणाली. “अहो! तेच ठेवू. तिला नवीन काही शिकायला नको.”

निरीक्षक विरोध करणार होते, पण तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून सवयीनं ओरडली, “अहो!”

“बोला,” काळा गोल म्हणाला.

बायको हात पुसत बाहेर आली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. “एका हाकेत?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत जे कौतुक दाटून आलं ते निरीक्षकांनी लग्नानंतर पहिल्या वर्षात शेवटचं पाहिलं होतं. शब्द ठरला.

त्यानंतर मुलीनं फोन त्यांच्या हातात दिला, कारण मालक म्हणून काही गोष्टींना त्यांनीच संमती द्यायची होती. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात न वाचता कुठल्या कागदावर सही केली नव्हती, त्यानं ‘मान्य’, ‘मान्य’, ‘मान्य’ करत अंगठा चालवला. त्यातलं एक ‘मान्य’ असं होतं की मावशीच्या, म्हणजे साडूंच्या घरचा स्पीकर आणि आपला स्पीकर जोडले जावेत. “म्हणजे फोन उचलायलाही नको, बाबा,” मुलीनं समजावलं. “इथे बोललं की थेट त्यांच्या हॉलमध्ये ऐकू येतं.” निरीक्षकांचं लक्ष नव्हतं. ते स्पीकर कुठे ठेवला तर दारातून येणाऱ्याला आधी दिसेल, याचा अंदाज घेत होते.

या प्रश्नात समोरच्या फ्लॅटमधल्या माजी मॅनेजरांनी उडी घेतली. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे फक्त मतं शिल्लक राहिली होती. “तीनशे साठ अंश आहे ना? मग भिंतीला लावून अर्धा आवाज वाया घालवताय तुम्ही. खोलीच्या बरोब्बर मध्यावर पाहिजे.”

बरोब्बर हा शब्द निरीक्षकांना फार प्रिय. त्यांनी खोली मोजली, मध्य काढला, तिथे टीपॉय आणला. मध्यापासून भिंतीपर्यंत वायर आली. त्या वायरीत आधी मुलगी अडखळली, मग बायको, मग खुद्द मध्य बघायला आलेले माजी मॅनेजर. म्हणून वायर गालिच्याखालून न्यायची ठरली. गालिच्यावर शोकेस उभं होतं. शोकेस सरकवलं तर मागच्या भिंतीवर शोकेसच्याच आकाराचा, मूळ रंगाचा, टवटवीत पिवळा चौकोन निघाला. बाकीची भिंत इतकी कळकट झाली आहे हे त्या घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

“आता रंग काढावा लागणार,” बायको म्हणाली.

“स्पीकर आणलाय मी. बंगला नाही.”

“मग शोकेस परत ढकला.”

शोकेस परत ढकललं. ते चौकोनापासून चार बोटं बाजूला बसलं आणि तिथेच राहिलं.

मग खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. त्यांचा दवाखाना बरोबर या हॉलखाली होता. “संगीत चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण तुमचा तो ढुम् वाजला की माझा हात हलतो, आणि माझ्या हातात त्या वेळी ड्रिल असतं.” त्यांच्यामागे जिन्यात एक पेशंट गाल धरून उभा होता आणि निरीक्षकांकडे बघत होता. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसतं दुःख होतं. आवाज निम्म्यावर आला. प्रीमियमपणाही निम्म्यावर आला.

हेही निरीक्षकांनी सोसलं असतं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. स्पीकर त्यांचं ऐकत नसे.

मुळात आयुष्यभर स्वतः अहो असलेल्या माणसानं एका भोपळ्याला ‘अहो’ म्हणायचं, हेच त्यांना जड जाई. त्यातून ते शब्द जरा गिळत. बाजारात याचा दरारा वाटे; इथे घोळ होई.

“अहो, बातम्या लावा.”

“बाटल्यांविषयी ही माहिती मिळाली. बाटली हे द्रव साठवण्याचं...”

“बातम्या! बा-त-म्या!”

“क्षमा करा, समजलं नाही.”

“अहो, दिवा लावा.”

“दिवाळखोरीविषयी ही माहिती मिळाली.”

तेच बायको कुकरच्या शिट्टीतून, मिक्सरच्या घरघरीतून काहीही पुटपुटली तरी तो अचूक करी. इतकंच नाही, वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून आपल्या नवऱ्याला ‘अहो, नळ बंद करा’ म्हणाल्या, तर हा खालून अदबीनं, “नळ सापडला नाही,” असं कळवी. इमारतीतल्या समस्त बायकांना एका हाकेत ओ देणारा एकच पुरुष होता आणि तो टीपॉयवर बसला होता. निरीक्षक आता सगळी मंडळी बाहेर गेली की सराव करू लागले. ओठ गोल करून, जबडा खाली सोडून, एकेक अक्षर मोजून. एकदा माजी मॅनेजरांनी बाहेरून ऐकलं आणि बायकोला जिन्यात हळूच विचारलं, “यांना काही झटका वगैरे येऊन गेला का?”

सरावाला कारण होतं. येत्या रविवारी साडू आणि ताई जेवायला येणार होते. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. निरीक्षकांनी मनात सगळं आखून ठेवलं होतं: साडू आत येतात, सोफ्यावर बसतात, आपण त्यांच्याकडे न बघता, जणू काही विशेष नाही अशा सुरात म्हणतो, ‘अहो, दिवा लावा,’ आणि दिवा लागतो.

बुधवारी संध्याकाळी ते कामावरून आले तेव्हा आधीच तापलेले होते. दुपारी एका किराणा दुकानदारानं त्यांना ‘साहेब, जरा स्पष्ट बोलाल का?’ असं विचारलं होतं. बायको स्वयंपाकघरात मिक्सर लावून उभी होती. तिथूनच ती म्हणाली, “अहो, ताईला फोन लावा जरा. रविवारी लवकरच या म्हणावं.”

स्पीकर काहीतरी म्हणाला, पण मिक्सरमध्ये ते कुणाला ऐकू आलं नाही. त्याच्या कडेनं एक हिरवी रेघ गोल फिरू लागली. निरीक्षकांना वाटलं, अपडेट उतरवून घेत असेल. हल्ली तो ते फार करी.

मिक्सर थांबला.

“मी नाही लावणार,” निरीक्षक म्हणाले. सोफ्यावर बसून ते मोजे काढत होते आणि मोजे काढताना माणूस सगळ्यात खरं बोलतो. “तुझे भाऊजी उचलतात आणि मग दहा मिनिटं स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतात. कानाला बधिरपणा येतो.”

“हळू बोला.”

“का? घर माझं आहे. त्या माणसाला स्वतःचे पडदे ओढता येत नाहीत आणि मला ऐट दाखवतो. परवा म्हणे, राव, तुमचं खातं अजून चालू आहे का? चालू आहे! त्याच्यासारख्यांसाठीच चालू आहे! आपल्या बाथरूमची फरशी त्याच्या दुकानातली ना? मी मोजलीय. खोक्यावर लिहिलंय त्यापेक्षा कमी भरते. नात्यातला म्हणून गप्प बसलो.”

“काय बोलताय तुम्ही!”

“आणि तो शर्ट! फुलाफुलांचा. त्या वयात! मागून बघितलं तर वाटतं सोफ्याचं कव्हरच चाललंय.”

बायकोला इथे हसू आलं, आणि हीच चूक झाली, कारण हसणारा श्रोता मिळाला की निरीक्षकांना धरबंद राहत नसे. त्यांनी साडूंचं गाडी चालवणं घेतलं, जेवताना फोनवर बोलणं घेतलं, प्रत्येक लग्नात फोटोग्राफरला सूचना देणं घेतलं. शेवटी बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“इतका त्रास होतो, तर संबंध ठेवता कशाला मग?”

“कशाला म्हणजे?” निरीक्षक चिडून म्हणाले. “माझं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या त्या लोखंडी बाकावर कोण बसून होतं? माझा सख्खा भाऊ फोन करून मोकळा झाला. हा दुकान बंद करून बसला. डॉक्टरशी भांडला, नर्सला हसवलं. मला त्याचा वैताग येतो म्हणून काय मी त्याला सोडून देऊ? दुसरा आहे कोण मला?”

एवढ्यात मुलगी आली. तिनं चपला काढता काढता स्पीकरकडे पाहिलं आणि ती तिथेच एका पायावर थांबली.

“बाबा, हिरवा म्हणजे कॉल चालू असतो.”

काळ्या गोलातून एक खोकला आला. साधा, घसा खाकरल्यासारखा. पण त्याला एक खास घरघर होती, आणि ती कुणाची हे तिघांनाही ठाऊक होतं.

“कॉल संपला,” स्पीकर अदबीनं म्हणाला.

बायकोनं लगेच आपल्या फोनवरून ताईला फोन केला. तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच. लग्न झाल्यापासून ताईनं तिचा फोन घेतला नाही असं कधी झालं नव्हतं. ती नुसती आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेली.

निरीक्षकांना आपण काय काय बोललो ते एकेक करून आठवायला लागलं. पडदे. हसणं. फरशी. सोफ्याचं कव्हर. तिथपर्यंत आलं की ते डोळे मिटून घेत आणि पुढचं त्यांना आठवतच नसे.

माणूस संकटात आपल्या धंद्याकडे वळतो. निरीक्षकांनी ठरवलं की हा यंत्रातला दोष आहे आणि तसं लेखी मिळालं पाहिजे. गुरुवारी अर्धी रजा टाकून ते स्पीकर मांडीवर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात बसले. नंबर लागल्यावर काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावर बघत विचारलं, “तक्रार काय? ऐकत नाही?”

“जास्त ऐकतो.”

बाईंनी बराच वेळ शोधलं. “‘ऐकत नाही’ असा प्रकार आहे. ‘जास्त ऐकतो’ असा प्रकार नाहीये.”

“मग नवीन प्रकार उघडा. यानं मला न विचारता माझ्या साडूंना फोन लावला.”

“कुणीतरी सांगितलं असेल ना, सर?”

“माझ्या बायकोनं मला सांगितलं. याला नाही.”

“काय म्हणाल्या मॅडम?”

निरीक्षकांनी आवाज खाली आणला. “अहो, ताईला फोन लावा.”

“आणि हाकेचा शब्द काय ठेवलाय?”

मागच्या रांगेतला एक माणूस पुढे वाकून ऐकू लागला होता.

बाईंनी स्पीकर आत नेला, तासाभरानं परत आणला. “सर, तपासला. पूर्ण निर्दोष आहे. उलट ऐकण्याची क्षमता इतकी चांगली क्वचितच असते.”

“पण मी बोलतो ते त्याला कळत नाही!”

“काय, सर? परत बोला, कळलं नाही.”

निरीक्षक स्पीकर उचलून घरी आले. आयुष्यभर लोकांच्या वजनांवर त्यांनी ‘निर्दोष’चा शिक्का मारला होता, त्या शब्दाचा समोरच्याला एवढा त्रास होऊ शकतो हे त्यांना प्रथमच कळलं.

शुक्रवारी ताईनं फोन घेतला नाही. शनिवारी तिचा बायकोला दोन शब्दांचा निरोप आला: ‘उद्या येतोय.’ बायकोनं तो पुन्हापुन्हा वाचला. ‘येतोय’ पुढे नेहमी असते ती हसऱ्या चेहऱ्यांची रांग नव्हती.

“मी माफी मागेन,” निरीक्षक म्हणाले.

“स्पष्ट मागा,” बायको म्हणाली. “गिळू नका.”

रविवारी साडू आले ते साध्या पांढऱ्या शर्टात. फुलाफुलांचा असता तर निरीक्षकांना बरं वाटलं असतं. ताई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दोघी बहिणींचा आवाज येईनासा झाला. साडूंच्या हातात एक जड पिशवी होती. त्यांनी त्यातून एक फरशी काढली आणि टीपॉयवर, स्पीकरच्या शेजारी ठेवली.

“तुमच्या बाथरूमच्या लॉटमधली आहे. मोजा.”

“भाऊजी, मी जे काही...”

“आधी मोजा. बाकीचं आपण बघू. धंद्याला लागलेला बोल मी घरी नेत नाही.”

निरीक्षकांनी मुलीला टेप आणायला सांगितली. तिनं आईच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप आणून दिली. निरीक्षकांनी ती फरशीवर ताणून धरली, आणि त्यांचा चेहरा थोडा सावरला. “बघा. कमीच भरते.”

“याच टेपनं मोजली होती तेव्हा?”

“हो.”

साडूंनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. तिच्यावर खात्याचा शिक्का होता. फरशीला लावली. केसभरही फरक नव्हता. मग त्यांनी ती पट्टी कापडी टेपच्या शेजारी ठेवली, आणि सगळ्यांना दिसलं की ती टेप इतकी वर्षं बाह्या आणि कमरा मोजून मोजून चांगली बोटभर सैल पडली होती.

“वजनमाप खात्याचा माणूस,” साडू सावकाश म्हणाले, “शिवणाच्या टेपनं माझ्या मालावर ठपका ठेवतो.”

निरीक्षकांचे कान लाल झाले. ते उभे राहिले, जबडा खाली सोडला, ओठ गोल केले आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, “भाऊजी, माझं चुकलं. मला माफ करा.”

असं स्वच्छ वाक्य त्यांच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात दोघी बहिणी येऊन उभ्या होत्या.

“बसा हो,” साडू म्हणाले. “ही म्हणत होती बंद करा, बंद करा. मी म्हटलं थांब, संपू दे. पाहुणे होते घरात, त्यांनाही म्हटलं बसा. शेवटपर्यंत ऐकलं.” ते पायांकडे बघू लागले. “त्या बाकाचं मला वाटलं, तुमच्या लक्षातसुद्धा नसेल. तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा पहिलं वाक्य म्हणालात की सलाईनची बाटली पूर्ण भरलेली नाही.”

आता निरीक्षकांना ते शेवटचं आठवलं. त्यांनी पट्टी उचलून उगाच पुसली.

“मग फोन का घेतला नाहीस?” बायकोनं ताईला विचारलं.

“तू हसलीस ना, सोफ्याच्या कव्हरला,” ताई म्हणाली. “मीही हसले. यांनी पाहिलं. मग आमच्याकडे तीन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं.”

“ते असू दे,” साडूंनी स्पीकरकडे बोट केलं. “आवाज मात्र काय स्वच्छ आहे हो याचा! मोजे काढल्याचंही ऐकू आलं. आमचा जुना झालाय. हा घेण्यासारखा आहे का? खरं सांगा.”

निरीक्षकांनी विचार केला. असा प्रश्न त्यांना कुणी खात्यातला माणूस म्हणून विचारला की ते खोटं बोलू शकत नसत. “माल चोख आहे,” ते म्हणाले. “जाहिरातीत म्हटलंय तेवढा भरतो, थोडा जास्तच भरतो. पण घेण्याआधी घरच्यांबद्दल जे काही बोलायचं असेल ते बोलून मोकळे व्हा.”

“असं म्हणता?” साडू उठले. “मग चला गॅलरीत. तुमच्याबद्दल माझ्याकडेही बरंच साठलंय.”

गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये दोघे उभे राहिले आणि साडूंनी काचेचं दार लावून घेतलं. आत बहिणी पानं वाढायला लागल्या. काचेतून साडूंचे हात दिसत होते: एकेक मुद्दा बोटांवर मोजला जात होता. एक हात संपला, दुसरा सुरू झाला.

“आणि सगळ्यात मुख्य म्हणजे,” साडू म्हणाले, “तुमच्या चेहऱ्यावर कायम असं असतं, की समोरचा माणूस कमी भरलाय. नमस्कार केला तरी तुम्ही तो आधी तोलता.”

निरीक्षकांनी हे वाक्य मनात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. कुठे काही कमी सापडतं का ते तपासलं. सापडलं नाही.

“बरोब्बर आहे,” ते म्हणाले.

साडूंची फरशांची चळत कोसळली. आणि मग, अगदी अनपेक्षितपणे, निरीक्षकही हसायला लागले; मापात नाही, कठड्याला धरून, खोकला येईपर्यंत. इतकं, की खालच्या खिडकीतून दातांच्या डॉक्टरांचं डोकं बाहेर आलं आणि त्यांनी वर बघून काळजीनं विचारलं, “कुणी पडलं का हो?”